तू मागितलेली सही

धोंडिबा,

पौडाला झेरॉक्सच्या दुकानापुढच्या तुझ्या बाकड्यावर आता कोथिंबिरीच्या जुड्या मांडलेल्या असतात. दुकानवाल्याने एका बाईला जागा दिली. मी त्याला चार शब्द सुनावणार होतो, पण कोणत्या अधिकाराने सुनावू? बाकडं त्याचं, सावली त्याची. तू इतकी वर्षं फुकट बसलास आणि त्यानेही तुला फुकट बसू दिलं. तुला जाऊन महिना होत नाही तोवर जुड्या आल्या. जगाचं असंच असतं म्हणतात. असेल. मला ते पटत नाही.

परवा तिथं एक पोरगी उभी होती. हातात प्लास्टिकची फाईल, पाठीला कॉलेजची सॅक. मला म्हणाली, "बाबा, ते बँकेचे आजोबा कधी बसतात?"

मी म्हणालो, "आता न्हाई बसत."

"मग कुणाला विचारायचं?"

काय विचारायचंय ते मी विचारलं नाही. तोंडावरूनच कळलं. कर्ज काढून शिकायला गेलेलं आणि मधेच कॉलेज सोडलेलं पोर कसं उभं राहतं, हे मला तूच दाखवलं होतंस. ते सरळ उभं राहत नाही, एका पायावर भार देऊन राहतं, म्हणजे कुणी ओळखीचं दिसलं की सटकायला बरं. पोरगी बराच वेळ थांबली आणि शेवटी भूगावकडे जाणाऱ्या गाडीत बसली. मी तिला एक शब्द सांगितला नाही. सांगता आलं असतं. तुझ्या शेजारी बसून बसून मला सगळं पाठ झालंय. बँकेला आधी आपण कळवायचं. कागदावर कळवायचं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पण ज्याने घरच्या पोरीला बुडवलं त्याने दुसऱ्याच्या पोरीला पोहायला काय शिकवावं?

तू गेलास तेव्हा लोक चांगलंच बोलले. शोकसभा झाली, सरपंच बोलला, बँकेतला कुणी साहेब आला होता तोही बोलला. "धोंडिबामामा म्हणजे आमच्या शाखेचा आधार होते." मला हसू आलं. नोकरीत असताना ह्याच माणसांनी तुला कपबशा विसळायला लावल्या. मला कुणी बोलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी उठलो नसतो. जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून ते आता चौथीच्या अक्षरात इथं लिहितोय.

चौथीवरून आठवलं. आपण दोघं एकाच बस्करावर बसायचो. तुमची मेंढरं आमच्या रानात बसायची, त्या बदल्यात तुझ्या आईला आमच्या घरून धान्य जायचं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली की धोंडिबा आपल्या हाताखालचा. मास्तरांनी एकदा मला सगळ्यांपुढे छडी मारली आणि मी जो पाटी घेऊन घरी आलो तो पुन्हा गेलो नाही. तू मात्र अर्धं वर्ष मेंढरांमागे कोकणात उतरायचास आणि परत आलास की वर्गाच्या दारात उभा राहायचास. असा तू सातवी झालास. सातवीवर तुला बँकेत शिपायाची नोकरी लागली. मी गावभर सांगत फिरलो, "आमच्या धोंड्याला आम्हीच चिकटवला." साफ खोटं होतं. तुला माहीत होतं. तू कधी बोलला नाहीस.

मला सही तू शिकवलीस. बँकेत माझं खातं काढायचं होतं आणि मी अंगठा पुढे केला. तू साहेबासमोर म्हणालास, "सायेब, आमचं मालक चौथी हायेत, आंगठा लावून घेऊ नका." मग मागच्या खोलीत स्टुलावर बसवून माझ्याकडून रद्दी कागदावर वीसेक वेळा नाव काढून घेतलंस. शेवटच्या अक्षराखाली एक शेपटी ओढायला सांगितलीस, वळणदार, म्हणजे कुणाला नक्कल करता येऊ नये. त्या सहीचा मला लई अभिमान होता. ग्रामसेवकाच्या वहीत माझी सही सगळ्यांत मोठी असायची, खालच्या दोन ओळी खाऊन टाकायची.

ती सही एवढी मोठी करून देताना तुला काय माहीत, तुझ्याच कामाला ती मिळणार नाही.

नोकरीत तू घरोघर थकलेल्या कर्जाच्या नोटिसा वाटल्यास, ते तुला लागलं होतं. तू एकदाच बोललास त्याबद्दल. निवृत्त होऊन आठ-पंधरा दिवस झाले असतील. कासार आंबोलीच्या ओढ्यावर आपण बसलो होतो. तू म्हणालास, "आण्णा, मी दारात गेलो की बाया पदर खोचून बाहेर यायच्या, पोरं आत लपायची. मोठीमोठी पोरं, मिशा फुटलेली. दोन वर्सं कॉलेजला गेली, जमलं न्हाई, गुपचूप घरी बसली. ना कॉलेजला सांगितलं, ना बँकेला. त्यांना वाटायचं, आपण गप बसलो म्हंजी ते कर्जबी गप बसंल. मी नोटीस द्यायचो आन् माघारी यायचो. नोटिशीच्या आधी एकदा गेलो असतो तर?"

मी म्हणालो, "तुला काय करायचंय? शिकवून-सवरून पोरं पळपुटी निघाली तर त्यांचं त्यांनी बघावं."

तू म्हणालास, "आमच्यात मेंढरं हाकणारा पुढं बघत नसतो आण्णा. पुढची आपली आपण जात्यात. त्यो मागं बघतो. कोण लंगडतंय, कोण काट्यात आडाकलंय."

दुसऱ्या सोमवारी तू बाकड्यावर जाऊन बसलास. पाटी नाही, काही नाही. पहिली पोरं तुझ्याकडे झेरॉक्स काढायला आलेला म्हातारा म्हणूनच बघायची. मग एकाने दुसऱ्याला सांगितलं. भुकूमच्या खोल्यांत भाड्याने राहणारी लांबलांबची पोरं यायला लागली. ती हिंदीत बोलायची, तू मराठीत उत्तर द्यायचास आणि दोघांनाही सगळं कळायचं. मला दुपारचं काम नसायचं, जमिनी विकून झाल्या होत्या, मी शेजारी येऊन तंबाखू मळत बसायचो. मी बसायचो म्हणजे तुझ्यावर उपकार करायचो, असं मला वाटायचं.

एक पोरगं आठवतंय, चष्मेवालं. म्हणालं, "आजोबा, मी कॉलेज सोडलंय आठ महिने झाले."

तू विचारलंस, "कागद दिला?"

"कसला कागद? जायचं बंद केलं."

"जायचं बंद करणं म्हंजी सोडणं न्हाई बाळा. रिक्षातनं उतरलास पण मीटर बंद केलंच न्हाई. ते पळतंय अजून. प्रवेश रद्द कर कागदावर, तुझी दहावी-बारावीची मूळ कागदं माघारी घे, आन् बँकेत आपल्या पायानं जा. बँकेला दुसऱ्याकडनं कळलं तर तू चोर. आपण होऊन सांगितलंस तर तू अडचणीतला माणूस. चोराला कुणी हप्ता कमी करून देत न्हाई."

पोरगं म्हणालं, "घरी काय सांगू?"

तू माझ्याकडे बोट केलंस. "ह्या म्हाताऱ्याकडं बघ. ह्यानं चौथीत शाळा सोडली. मेला का? बघ कसा फुगलाय."

पोरगं हसलं. मीही हसलो. मला राग आला होता, तरी हसलो. ते पोरगं पुढे कुठल्या तरी गॅरेजात लागलं आणि दर दिवाळीला तुझ्यासाठी फरसाणाचा पुडा आणायचं. तू त्यातला अर्धा मला द्यायचास. मी खायचो.

आता सोनलचं. इथं येऊन माझा हात थांबतो. काल इथपर्यंत लिहून वही मिटली होती.

तिचा बाप, माझा थोरला, गेला तेव्हा ती सातवीत होती. तेव्हापासून कागदावर पालक म्हणून माझंच नाव. बारावीला बरे मार्क पडले आणि तिला पुण्याच्या पल्याडच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला जागा मिळाली. कर्जाच्या कागदांवर मी माझी ती शेपटीवाली सही केली. गावाच्या फाट्यावर फलक लावला. फेटा बांधलेला माझा फोटो मोठा, तिचा कोपऱ्यात, आणि वर लिहिलेलं "इंजिनिअर सोनल". पहिल्या वर्षाचा पहिला दिवस अजून उजाडायचा होता. तू फलकाखाली उभा राहून म्हणालास, "आण्णा, फोटो बघून वाटतंय ॲडमिशन तुलाच मिळालंय." सगळे हसले. मी तुझ्याशी चार दिवस बोललो नाही.

पोरगी दुसऱ्या वर्षात अडकली. गणिताने धरलं. एकदा नापास, दुसऱ्यांदा नापास. तो विषय मागे ठेवून तिसऱ्या वर्षाला जाता येत होतं, पण तिचं मन उडालं. मग ती सकाळी डबा घेऊन निघायची आणि कॉलेजला न जाता भूगावला एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये बसायची, कामाला. हे मला माहीत नव्हतं. सूनबाईला माहीत होतं. तुलाही होतं. ती माझ्याकडे न येता बाकड्यावर तुझ्याकडे आली होती, मी लग्नाला गेलो होतो त्या दिवशी. "धोंडूआजा, आण्णांना कसं सांगू?" तू म्हणालास, "मी सांगतो." आणि तू मला सांगितलंस, आपल्याच ओढ्यावर, हळू आवाजात, जसं आजारी माणसाचं सांगतात तसं.

मी म्हणालो, "माझी नात शिकतीय."

"न्हाई शिकत आण्णा. आन् त्यात पोरीचा गुन्हा न्हाई. तिला ते लॅबचं काम जमतंय. वर्षाचा कोर्स हाय त्याचा. तिथला डॉक्टर म्हणतोय, कोर्स कर, कायमची ठेवतो. फकस्त हितलं नीट बंद करू. तिसऱ्या वर्षाची फी बँकेतनं जायच्या आधी."

"बँकेला काय सपान पडणार हाय का, ती जात न्हाई म्हणून?"

"सपान पडत न्हाई म्हणूनच फी भरून बसत्याल."

तू हे सांगितलंस. अगदी ह्याच शब्दांत सांगितलंस. आणि मी त्यातून काय घेतलं? मी घेतलं की फी अजून भरता येते.

आमच्याकडे बैल विकत घेतला आणि तो जुन्या मालकाच्या दारी पळायला लागला की आम्ही गोठ्यात त्याची गव्हाण भरून ठेवायचो. भरलेली गव्हाण बघून बैल आपल्या पायाने वळतो. मला वाटलं, पोरीचंही तसंच. फी भरली, जागा राखली, की पाय वळतील. मी बँकेतून फॉर्म आणला. त्यावर तिची सही लागणार होती. जेवायच्या वेळी तिच्या ताटाशेजारी तो ठेवला.

ती म्हणाली, "आण्णा, मी नाही जाणार. वाया जाईल सगळं. आणि ते माझ्या नावावर चढणार."

मी म्हणालो, "सही कर. न्हाईतर ह्या घरात घास घेऊ नगंस."

सूनबाई चुलीपाशी उभी होती, तिने तोंड फिरवलं. सोनलने सही केली. पेन माझंच होतं. ताटाला नमस्कार करून उठली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन भूगावला गेली आणि लॅबमधल्या दोन मुलींबरोबर खोली करून राहिली. मी त्याच सकाळी बँकेत फॉर्म दिला. पूर्ण वर्षाची फी कॉलेजला गेली, अशा पोरीसाठी जी वर्गात पाऊल टाकणार नव्हती. मी फाट्यावर चहा पिताना सांगितलं, "सोनल तिसऱ्या वर्षाला गेली. हॉस्टेलला ऱ्हाती आता."

तुला कळलं तेव्हा तू माझ्यावर ओरडलास. उभ्या जन्मात पहिल्यांदा. बाकड्यापाशी चारदोन पोरं होती त्यांच्यादेखत.

"आरं बबन्या, काय केलंस हे! पोरगी बुडत हुती तर हात द्यायचा का गळ्यात धोंडा बांधायचा?"

बबन्या ऐकून माझं डोकं फिरलं. पन्नास वर्षांत कुणी मला त्या नावाने हाक मारली नव्हती. मी म्हणालो, "बँकेत पाण्याचे ग्लास भरणारा तू. मला सही कुठं करायची ते शिकवतोस?"

तू पुढ्यातल्या पोराचे कागद त्याच्या हातात परत दिलेस. मग म्हणालास, "व्हय. पाणीच पाजलं. पण ज्यांना पाजलं त्यांचं घसं कशानं कोरडं पडलं हुतं, ते मला म्हाईत हाय. तुला न्हाई."

त्यानंतर मी बाकड्यावर आलो नाही. तू मात्र थांबला नाहीस. हे मला नंतर, अगदी नंतर कळलं. गुडघे दुखत असताना दोन गाड्या बदलून तू सोनलला घेऊन त्या कॉलेजात गेलास. चार वेळा. प्रवेश रद्द करायचा अर्ज वेळेत दिला तर त्या वर्षाची फी बँकेला परत पाठवू, एवढं तू त्यांच्याकडून कबूल करून घेतलंस. तिची मूळ कागदं द्यायलाही ते तयार झाले. एकच अट होती. पालकाची सही. आणि अर्जाची मुदत त्या गुरुवारी संपत होती, सोनलच्या लॅबच्या कोर्सच्या प्रवेशाचीही त्याच दिवशी.

तू अर्ज घेऊन माझ्या दारात आलास. सोमवार होता. मी पडवीत बसलो होतो. तू उंबऱ्याबाहेर उभा राहिलास, टोपी काढून घाम पुसलास. मी "ये" म्हणालो नाही. बस म्हणालो नाही. उन्हातून चालत आलेल्या माणसाला पाणी विचारायचं असतं, दारातल्या कुत्र्यालाही आपण पाणी ठेवतो. मी विचारलं नाही.

तू म्हणालास, "आण्णा, एक सही. बाकी सगळं झालंय."

"काय लिवलंय त्यात?"

"शिक्षण सोडत असल्यामुळं प्रवेश रद्द करावा."

"माझ्या नातीनं शिक्षण सोडलं, हे मी माझ्या हातानं लिवून देऊ?"

"लिवलंय आधीच. तू फकस्त सही कर."

"न्हाई करत."

"गुरवारपर्यंत टाईम हाय." तू अर्ज पडवीच्या कट्ट्यावर ठेवलास. वर एक खडा ठेवलास, उडू नये म्हणून. "तुझी नालस्ती हुतीय असं तुला वाटतंय. गावाला म्हाईत हाय रं सगळं. कवाच. तू तिसरं वर्ष सांगतोस तवा लोक मान हालवत्यात, ते तुला वाईट वाटू नये म्हणून."

मग तू आमच्या अंगणातल्या नळाला तोंड लावून पाणी प्यायलास, तोंडावर हात फिरवलास आणि गेलास. मी तुझी पाठ बघत बसलो. मला वाटत होतं, उद्या परत येईल. धोंड्या येतोच. दोनदा हाकलला तरी तिसऱ्यांदा येतो.

मंगळवारी आला नाहीस. बुधवारीही नाही. मी दोन्ही दिवस पडवी सोडली नाही. आलास तर सही करायची, असं मी मनात ठरवलं होतं, हे आता लिहितो, पण त्याला साक्षीदार कोण? माझा मलाच विश्वास नाही. कदाचित तू आला असतास आणि मी पुन्हा "न्हाई" म्हणालो असतो. स्वतःहून उठून तुझ्या वाड्यावर यायला मला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मला दोन दिवसांत सापडली नाहीत. तू आजारी आहेस की काय, हेही मनात आलं नाही. माझ्या मनात एवढंच होतं की तो काय म्हणाला, गावाला माहीत आहे म्हणाला.

शुक्रवारी सकाळी तू मेंढरांना पाला टाकता टाकता खाली बसलास, तो उठलाच नाहीस. ठकूवहिनी सांगत होत्या, मंगळवारपासून छातीत जड वाटतं म्हणत होतास, पण दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचास, "आण्णाचा निरोप यील. त्यो आला आन् मी घरी नसलो तर पुन्ना यायचा न्हाई." तुझी बायको हे मला रागाने सांगत नव्हती. तिला वाटलं, मला बरं वाटेल ऐकून.

सोनल आली होती. तुझ्या पायांवर डोकं ठेवून बसली ती उठेचना. मी चार हातांवर उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तुझ्या माणसांत बसली, वहिनींच्या हातून दोन घोट चहा घेतला आणि आमच्या घरावरून गाडीने पुढे निघून गेली.

मी सही केली, धोंडिबा. तुला पोहोचवून आलो आणि कट्ट्यावरचा अर्ज घेऊन सही केली. शेपटी भलतीकडे गेली. सोमवारी दोन गाड्या बदलून कॉलेजात गेलो. मला रस्ता माहीत नव्हता. तू चार वेळा गेलास तो रस्ता मला विचारत विचारत जावा लागला.

खिडकीतल्या क्लार्कने अर्ज बघितला. तरुण होता, नम्र होता. तो म्हणाला, "आजोबा, याची मुदत गेली. आता वर्ष धरलं गेलं. फी नाही परत जाणार. मूळ कागदं देतो तेवढी."

मी म्हणालो, "चार दिवसांनी काय बिघडतंय?"

तो म्हणाला, "माझ्या हातात नाही हो. मी फाईल बाजूला काढून ठेवली होती. ते दुसरे आजोबा नाही का, टोपीवाले, ते सांगून गेले होते, मुलीचे आजोबा गुरुवारी सही घेऊन येणार आहेत म्हणून. आम्ही म्हटलं, नाही आले तर? तर म्हणाले, 'त्यो हट्टी हाय, पण यील. मी वळखतो त्याला.' " मग त्याने विचारलं, "ते टोपीवाले नाही आले आज?"

मी सांगितलं. तो उभा राहिला. खुर्चीवरून उठून उभा राहिला, धोंडिबा. इंजिनिअरिंग कॉलेजातला क्लार्क, एका सातवी पास शिपायासाठी. मला त्या खिडकीत तुझा एवढा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी वाटलं की इथंच ह्या फरशीवर संपावं.

तुझे आभार कधी मानले नाहीत. सहीबद्दल नाही, फरसाणाबद्दल नाही, मला अंगठेबहाद्दर म्हणून जगू दिलं नाहीस त्याबद्दल नाही. तू मला आयुष्यभर ओळखत होतास आणि चुकलास ते एकदाच. म्हणालास, येईल. मी आलो नाही. तुझा एक शब्द जगात खोटा पडला, तो माझ्यामुळे.

कागदांचं पाकीट घेऊन तसाच भूगावला उतरलो. लॅब एका मेडिकलच्या वर आहे, तुला माहीतच आहे. बाकांवर माणसं बसली होती. सोनल काउंटरच्या आत, पांढरा कोट, केस बांधलेले. मी काउंटरपाशी जाऊन उभा राहिलो. तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही.

"तुझी मूळ कागदं," मी म्हणालो. "सही करून आणली."

तिने पाकीट उघडून बघितलं, एकेक कागद. दहावी, बारावी, दाखला. परत आत घातले.

"गुरुवारी मुदत संपली आण्णा."

"फुडल्या वर्षी कर."

"सरांनी कोर्स झालेली मुलगी घेतलीय. ती एक तारखेपासून येतीय. मी महिनाअखेरपर्यंतच आहे इथं."

"मग?"

"मग बघीन. त्या वर्षाच्या फीचे हप्ते तर मलाच भरायचेत. जिथं मिळेल तिथं काम." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. तिच्या त्या आवाजाशी काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नाही.

"घरी चल," मी म्हणालो.

तिने मान हलवली, नाही म्हणून. एवढ्यात मला काउंटर हलल्यासारखं झालं. मी कडा धरली. ती झटकन बाहेर आली, मला बाकावर बसवलं. "काही खाल्लंय का सकाळपासून?"

"न्हाई."

"बसा. हात पुढं करा."

तिने माझी बाही वर केली, दंडाला रबर बांधलं, दोन बोटांनी शीर चाचपली. माझी शीर खोल आहे, सापडत नाही कुणाला. दवाखान्यातल्या नर्सा तीनतीनदा टोचतात. तिला पहिल्याच वेळी सापडली. कळलंसुद्धा नाही मला. धोंडिबा, पोरीचा हात इतका हलका आहे. तू म्हणाला होतास ना, तिला हे जमतंय. तुला कुठून माहीत होतं? तुझंही रक्त काढलं होतं का तिने? मी ह्या पोरीच्या हातात गणिताचं पुस्तक कोंबत बसलो.

तिने कापूस लावून माझा हात दुमडला. बाटलीवर चिकटपट्टी लावली, पेन घेतलं आणि विचारलं, "नाव?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने वर पाहिलं नाही. सगळ्यांनाच विचारत असेल, सवयीने. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. तिने लिहिलं, शेवटच्या आडनावापर्यंत, जे तिचंही आहे.

"साखरेचा आणि रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी सहाला मिळेल," ती म्हणाली. "तुम्ही नका येऊ एवढ्या लांब. कुणाला तरी पाठवा."

आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी जिना उतरून रस्त्यावर आलो. रिपोर्ट अजून तिथंच पडून आहे. कुणाला पाठवू, धोंडिबा?